शाब्लीतील दहिवराची रात्र

एप्रिलमधल्या एका रात्री तीनच्या सुमारास ओळखीच्या एका बागायतदारांचा फोन आला आणि स्वेटरवर स्वेटर चढवून मी फ्रान्समधल्या ओसेरहून शाब्लीला निघाले. शेवटच्या वळणावर समोरचा अख्खा उतार असंख्य ज्योतींनी उजळलेला दिसला, तेव्हा क्षणभर त्रिपुरी पौर्णिमेचा घाटच आठवला. जवळ गेल्यावर मात्र सणाचा भास ओसरला. वेलींच्या ओळींमध्ये पॅराफिनचे डबे जळत होते, धुराने डोळे चुरचुरत होते आणि तापमान उणे 3 अंशांवर होते.

शाब्ली हा बरगंडी या फ्रान्समधल्या वाइनच्या प्रदेशाचा उत्तरेकडचा, मुख्य भागापासून तुटलेला तुकडा आहे. येथे शार्डोने या एकाच जातीच्या द्राक्षांपासून शाब्लीची पांढरी वाइन करतात. थंडीमुळे द्राक्षे सावकाश पिकतात, त्यांच्यातील आम्ल टिकून राहते आणि वाइनला ती प्रसिद्ध धार येते. पण हीच थंडी एप्रिलमध्ये परतली, तर नुकते फुटलेले कोंब एका रात्रीत करपतात. वेलीचे डोळे, म्हणजे अंकुर, पुन्हा फुटले तरी त्यांवर घड फारसे धरत नाहीत. 2016 आणि 2021 मधील एप्रिलच्या आठवणी बागायतदार अजून सांगतात.

मला खरे नवल वाटले ते पलीकडच्या बागेचे, कारण तिथे गोठणाऱ्या थंडीत वेलींवर तुषार सिंचन चालू होते. पाणी गोठताना अप्रकट उष्मा बाहेर टाकते, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. त्याच उष्म्यामुळे बर्फाच्या कवचातील कोंब शून्य अंशाच्या आसपास राहून वाचतो. अट एवढीच की, सूर्य वर येऊन बर्फ वितळू लागेपर्यंत पाणी थांबता कामा नये. मध्येच पंप बंद पडला, तर बाष्पीभवनाने कोंब अधिकच गारठतो. यासाठी लागणाऱ्या पाण्यासाठी बेन गावाजवळ मुद्दाम तलाव बांधलेला आहे.

निफाडला पारा घसरला की आमचे वडीलही बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबक सुरू करतात. फरक एवढाच की, आपल्याकडे थंडीत वेलींवर घड असतात, तर येथे थंडीभर वेली निष्पर्ण असतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. येथे हिवाळ्यात एकदाच छाटतात आणि काही जण डोळे उशिरा फुटावेत म्हणून तीही मुद्दाम लांबवतात.

उजाडू लागल्यावर पायाखालची माती दिसली. या चुनखडीयुक्त चिकणमातीत सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील नखाएवढ्या कालवांचे जीवाश्म सापडतात. मीही एक खिशात टाकले. वाइनमधला गारगोट्या घासल्यासारखा वास याच मातीतून येतो, असे येथे अभिमानाने सांगितले जाते. त्यामागील रसायनशास्त्र इतके सरळ नाही, पण पहाटे सहाला वाद घालण्याची माझी तयारी नव्हती.

सूर्य वर आला तसे बागायतदारांनी एकेका डब्यावर झाकण ठेवून ज्योती विझवल्या, कारण उरलेले पॅराफिन पुढच्या रात्री लागणार होते. मग त्यांनी उताराच्या तळाशी, जिथे थंड हवा साचते तिथे, एक डोळा नखाने उभा चिरला. आत तपकिरी निघाला. त्यांनी काही न बोलता वरच्या ओळीतला दुसरा चिरला. तो हिरवा होता.