दुपारी साडेबारा ते दोन

गेल्या मंगळवारी आमच्या जर्मनीतल्या गावच्या पंचायतीत दुपारच्या शांततेवर मतदान झालं. नऊ विरुद्ध सहा. शांतता जिंकली. म्हणजे यापुढेही साडेबारा ते दोन या वेळात कुणी गवत कापायचं मशीन लावायचं नाही, भिंतीत ड्रिल मारायचं नाही, अंगणात गालिचे धोपटायचे नाहीत. मी मागच्या रांगेत बसून बघत होते. हसावं की उठून हात जोडावेत, कळेना.

रविवारी दुकानं बंद, कचऱ्याचे चार डबे, बाटल्या टाकायच्या वेळा, हे सगळं तुम्ही शंभर ठिकाणी वाचलेलं आहे, ते पुन्हा उगाळत नाही. पण आम्ही श्टुटगार्ट शहर सोडून लोकलने पाऊण तासावरच्या या चार हजार वस्तीच्या गावात राहायला आलो, तेव्हा एक गोष्ट नव्याने कळली. देशाचे कायदे वेगळे, राज्याचे वेगळे आणि गावाचे आणखी वेगळे. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात गावचा सरपंच (ब्युर्गरमाइस्टर म्हणतात, पण मी सरपंचच म्हणणार) हाच कायद्याने गावातला शांतता-सुव्यवस्थेचा अधिकारी. गुन्हे बघायला राज्याचे पोलीस आहेत. पण कबुतरांना दाणे टाकायचे का, कुत्रा किती भुंकू द्यायचा, रस्त्यावर गाडी धुवायची का, घराचा नंबर रस्त्यावरून दिसतो का, हे सगळं सरपंचाच्या कचेरीच्या अखत्यारीत. त्याची एक नियमावली असते. ती पंचायतीने मंजूर करावी लागते आणि गावच्या साप्ताहिक पत्रकात छापावी लागते. आपली दवंडीच, फक्त दर आठवड्याला पत्रपेटीत पडणारी.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की, ही नियमावली अमरपट्टा घेऊन येत नाही. जास्तीत जास्त वीस वर्षं, मग ती आपोआप रद्द. हवी असेल तर पुन्हा सभेपुढे आणा, पुन्हा वाद घाला, पुन्हा हात वर करा. आमची जुनी नियमावली वय होऊन मरायला टेकली होती, म्हणून मंगळवारची सभा.

रात्रीच्या शांततेवर वाद नव्हताच. रविवारचाही प्रश्न नव्हता, तो तर थेट राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम त्यांनी आजच्या घटनेत जसंच्या तसं उचलून ठेवलंय. रविवार हा कामातून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित आहे, असं. गवत कापायच्या मशीनबद्दल २००२ पासून केंद्राचाच नियम आहे. वस्तीत रविवारी अजिबात नाही, इतर दिवशी रात्री आठ ते सकाळी सात नाही. पण दुपारबद्दल त्या मशीनला केंद्र काही म्हणत नाही. पालापाचोळा उडवणारे ब्लोअर आणि तसली मोजकी यंत्रं तेवढी दुपारी एक ते तीन बंद. बाकी दुपार गावावर सोडलेली. बऱ्याच गावांनी ती सोडूनही दिली. आमच्या गावाने या एका कलमावर तास घालवला.

एक तरुण सभासद म्हणाला, आम्ही दोघंही नोकरी करतो, गवत कापायला शनिवारच उरतो, त्यातले दीड तास तुम्ही काढून घेता. त्यावर स्वतःची सफरचंदाची बाग असलेल्या एक बाई म्हणाल्या, मग साडेदहाला कापा, तुम्हाला उठायला उशीर होतो हा पंचायतीचा विषय नाही. तिसऱ्याने विचारलं, स्वतःच फिरणाऱ्या रोबो-मशीनचं काय, ते तर मांजरापेक्षा कमी आवाज करतं. यावर वीस मिनिटं! आवाज किती, कुंपणापासून किती अंतर, आणि मुख्य म्हणजे ते काम ‘करणारा’ कोण, मालक की मशीन. शेवटी वाक्यात ‘इतरांना त्रास होईल असे’ हे शब्द होतेच, तेवढे पुरेत असं ठरलं. सरपंचांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. कुणी कुणाच्या बापाचा उद्धार केला नाही. कुणी ‘बघून घेतो’ म्हणालं नाही. मतदान झालं, हरलेला तरुण सभासद त्या सफरचंदवाल्या बाईंच्या शेजारीच बसून पुढचा विषय वाचायला लागला.

आता माझी चिडचिड.

हे सगळं इतकं सुंदर आहे, तर मग तक्रार करताना माणसं तोंड का लपवतात? आम्ही इथे आलो त्या पहिल्या गणपतीत शनिवारी संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे आरती झाली. पाच-सहा कुटुंबं, दोन झांजा, एक टाळ, बाकी टाळ्या. मंत्रपुष्पांजली धरून सगळं मिळून वीस मिनिटं. सोमवारी पत्रपेटीत चिठ्ठी. सही नाही, तारीख नाही. हाताने काढलेल्या छापील अक्षरांत एकच ओळ : ‘इथे इतर लोकही राहतात.’

एकच ओळ, पण मी ती महिनाभर डोक्यात घेऊन फिरले. त्या चिठ्ठीमुळे मी गावची नियमावली अथपासून इतिपर्यंत वाचली, जी इथल्या जन्मजात रहिवाशांनीही वाचलेली नाही हे मी पैजेवर सांगते. त्यात लिहिलंय की वाद्यं आणि ध्वनियंत्रं इतरांना फार त्रास होईल अशी वाजवू नयेत, विशेषतः दारं-खिडक्या उघड्या ठेवून. आमच्या खिडक्या बंद होत्या, साक्षीला अख्खं मंडळ आहे. वेळ साडेसातची, रात्रीची शांतता सुरू होते दहाला. म्हणजे आम्ही कायद्याने शंभर टक्के बरोबर होतो. हे मी नवऱ्याला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तो म्हणाला, “अगं, मला कशाला सांगतेस, मी पण आरतीतच होतो.”

आणि याच गावात फेब्रुवारीत फासनेट, म्हणजे इथला कार्निव्हल, असतो. लाकडी मुखवटे, कमरेला घुंगरांचे पट्टे, चाबकांचे फटकारे आणि पितळी वाद्यांची पथकं. ती मुद्दाम बेसूर आणि मुद्दाम कर्कश वाजवतात, तोच त्यांचा मान. भर रस्त्यात, भल्या सकाळपासून. त्याला परंपरा म्हणतात. चर्चची घंटा आमच्या उशापासून शंभर पावलांवर दर पंधरा मिनिटांनी वाजते, तिलाही परंपराच म्हणतात. आमच्या दोन झांजा मात्र आवाज! मी काही जास्त बोलत नाही.

बोलते. मुलांच्या आवाजावरून इथे लोक पाळणाघरांविरुद्ध कोर्टात जायचे. इतके, की २०११ साली संसदेला कायद्यात लिहावं लागलं की पाळणाघर आणि खेळाच्या मैदानातला मुलांचा आवाज हा एरवी प्रदूषणात धरायचा नाही. ज्या देशाला हे कलमात लिहून ठेवावं लागतं, त्याची शांतता जरा जास्तच झाली आहे असं म्हटलं तर राग नसावा.

मग विट्याच्या आत्याशी फोन होतो आणि माझी बाजू लगेच लंगडी पडते. मागच्या गणपतीत तिला फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. ती बोलत होती पण शब्द पोचत नव्हते, मागे डीजे. “थांब गं, मिरवणूक पुढं जाऊ दे,” एवढंच ओरडून म्हणाली. मग काचेचा खळखळाट. खिडकीची तावदानं होती, फुटली नाहीत, नुसती थरथरत होती. आत्याला बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत.

“आत्या, पोलिसांना फोन का करत नाही कुणी?”

“कुणावर करायचा? पोरं आपलीच हायती.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. कायदा आपल्याकडे नाही असं थोडंच आहे! २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट, ते दिवस कलेक्टर जाहीर करतात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. कागदावर आपला नियम माझ्या गावच्या नियमापेक्षा जास्त नेमका आहे. यांच्याकडे ‘फार त्रास होईल असे’ एवढंच मोघम. पण तक्रार केली की नाव फुटतंच आणि नाव फुटलं की सकाळी त्याच पोराच्या आईकडे दूध आणायला जायचं असतं. इथे तक्रारीला चेहरा नसतो, तिथे चेहरा ओळखीचा निघतो म्हणून तक्रारच होत नाही. यातलं कुठलं बरं, हे मी अजून ठरवलेलं नाही. सोयीप्रमाणे दोन्ही बाजूंनी भांडते.

इथली मंडळी (मराठी मंडळी, जर्मन नव्हे) लगेच म्हणतात, आपल्याकडे खेड्यांत कसला आलाय नियम. तेव्हा माझ्यातली सांगलीकर जागी होते. तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, आमच्याच जिल्ह्यातले आर. आर. आबा तेव्हा गृहमंत्री. बांधावरची, सांडपाण्याची, भाऊबंदकीची भांडणं कोर्टात न जाता गावातच मिटवायची, त्यासाठी गावोगाव समित्या. तंटामुक्तीच्या अध्यक्षपदावरूनच तंटे झाले हे खरं, पण कल्पना बघा! आमच्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव घ्या. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा ग्रामपंचायतीने २०२४ मध्ये ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. हे मी आमच्या सफरचंदवाल्या बाईंना सभेनंतर सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “आणि ऐकलं कुणी, हे सिद्ध कसं करता?” मी म्हटलं, “आमच्या गावात एकाने दिलेली शिवी चाळीस जण ऐकतात.” त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्याने हसल्या.

मात्र त्या सभेत मला एक गोष्ट लागली, ती लिहूनच टाकते. युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचा नागरिक इथे गावच्या निवडणुकीत मत देतो. आमच्याकडे नळ दुरुस्त करायला येणारा पोर्तुगीज देतो. मी कर भरते, फुटपाथवरचा बर्फ काढते, नियमावली पाठ आहे, पण मला मत नाही. साडेबारा ते दोन मी गप्प बसायचं की नाही हे ठरवताना माझा हात वर जाऊ शकत नाही. इतरांना ही किरकोळ गोष्ट वाटेल. मला त्या रात्री वाटली नाही.

बर्फावरून आठवलं. इथे आपल्या घरासमोरचा फुटपाथ आपणच साफ करायचा असतो, आमच्या गावात कामाच्या दिवशी सकाळी सातपर्यंत. कुणी घसरून पडलं तर जबाबदारी आपल्यावर. जानेवारीत नवरा भारतात होता आणि पोराला ताप होता. रात्रभर बर्फ पडला. पहाटे सव्वासहाला खाली खरर्र खरर्र आवाज. पडदा सरकवून पाहिलं तर शेजारच्या घरातले आजोबा, डोक्याला दिवा बांधून, आमच्या वाट्याचा फुटपाथ खरवडतायत. कडेपर्यंत, अगदी काटकोनात, वर मूठमूठ खडी. चिठ्ठीचा माझा पहिला संशय याच आजोबांवर होता. मी शाल गुंडाळून खाली धावले, आभार मानले. ते म्हणाले, “सातला रस्त्यावर शाळेची मुलं असतात.” बस, एवढंच. आतही आले नाहीत. चहा म्हटलं तर घड्याळ दाखवून म्हणाले, अजून माझा स्वतःचा भाग राहिलाय.

आधी माझा केला होता त्यांनी.

संशय अजून फिटलेला नाही, ते वेगळं. छापील अक्षरं नीट काढणारा माणूसच फुटपाथ इतका काटकोनात साफ करतो.

यंदा आम्ही रीतसर अर्ज केलाय. विसर्जनाची छोटी मिरवणूक, दोन ढोल, एक ताशा, शनिवारी दुपारी तीन ते पाच, पंचायतीच्या चौकापासून खेळाच्या मैदानापर्यंत. कचेरीतल्या बाईंनी फॉर्मवर रस्त्याचा नकाशा मागितला, जबाबदार व्यक्तीचा मोबाइल नंबर मागितला. मूर्ती ओढ्यात सोडणार का, असंही विचारलं. नाही, शाडूची आहे, घरी बादलीत विरघळवतो म्हटल्यावर त्यांनी ‘बादली’ असं लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली. फटाके नाहीत ना, हेही विचारलं. इथे सामान्य माणसाला ते ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी सोडून उडवता येत नाहीत, दिवाळीतसुद्धा. ढोल किती मोठा, हे मात्र हातांनी दाखवावं लागलं. मी जरा लहानच दाखवला.

परवानगी आली की त्या आळीतल्या प्रत्येक घराची बेल मी स्वतः वाजवणार आहे. पहिली आजोबांची. तोंडावर सांगणार, अमुक तारखेला इतके ते इतके वाजता आमचा आवाज होईल, आणि सोबत मोदक. चिठ्ठी टाकणार नाही.