खाटेखालची राख

"खिडकी उघडू नको गं, गार वारं बाधतंय पोराला."

काल रात्री खानापुरात, मावशीच्या घरी. बाहेर पावसाची झड, आत तिचा नातू खोकून खोकून बेजार. वाकून पाहिलं तर खाटेखाली डासांची कॉइल. जळून गेलेली, पण राख मात्र गोल वेटोळ्यात तशीच, न मोडता पडलेली. राख हलावी इतकीही झुळूक त्या खोलीत नव्हती. भिंतीला ओल, कोपऱ्यात काळी बुरशी, आणि त्याच हवेत ते लेकरू रात्रभर श्वास घेतंय.

याच मावशीसमोर कुणी विडी पेटवली तर ती त्याला अंगणात हाकलते! आणि एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलंय.

तिला दोष कसा देऊ? डेंग्यूची भीती खरीच आहे. माळ्यावरची जुनी मच्छरदाणी काढली, बांधली, खिडकी चार बोटं उघडली. मावशी गप्प बसून बघत होती.

आज सकाळी फोन केला. खोकला आहेच.

तुमच्याकडं पावसाळ्यात खिडक्या उघड्या असतात का हो?