आमची वाटचाल: ओपनस्टॅकवर खासगी क्लाउड उभारताना

आमची कंपनी पुण्यात आहे, लहान आहे, आणि एकच काम करते: ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये ओपनस्टॅकवर खासगी क्लाउड उभा करून देणं आणि तो चालता ठेवणं. ओपनस्टॅक म्हणजे अनेक सर्व्हर एकत्र जोडून त्यांतून हवी तेवढी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, देणारं खुलं सॉफ्टवेअर; असा क्लाउड एकाच संस्थेपुरता असला की तो खासगी. सहकारी बँका, अभियांत्रिकी महाविद्यालयं, सुटे भाग बनवणारे कारखाने हे आमचे ग्राहक. ‘सॉफ्टवेअर फुकट आहे ना, मग पैसे कशाचे?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पहिल्या बैठकीत येतो. त्याचं उत्तर द्यायचं तर ओपनस्टॅक कोण बनवतं आणि तिथे निर्णय कसे होतात, हे सांगावं लागतं. आमची निम्मी मेहनत तिथेच जाते.

ओपनस्टॅक जुलै २०१० मध्ये जाहीर झालं. व्हर्च्युअल मशीन चालवणारा नोव्हा हा भाग नासाच्या नेब्युला प्रकल्पातून आला, तर फाइली साठवणारा स्विफ्ट रॅकस्पेस या होस्टिंग कंपनीकडून. सुरुवातीला सूत्रं रॅकस्पेसच्याच हाती होती. २०१२ मध्ये स्वतंत्र फाउंडेशन स्थापन झालं. २०२० मध्ये त्याचं नाव ओपन इन्फ्रास्ट्रक्चर फाउंडेशन झालं आणि २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनमध्ये सामील झालं. धंद्याच्या दृष्टीने यातलं २०१२ सालच सगळ्यांत मोलाचं. कोड अपाची परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येईल असा, आणि ट्रेडमार्क फाउंडेशनकडे, म्हणून एखादी मोठी कंपनी उद्या बाहेर पडली तरी आमच्या ग्राहकाचा क्लाउड निराधार होत नाही.

फाउंडेशनचं संचालक मंडळ पैसा, ट्रेडमार्क आणि कायदेशीर बाबी बघतं. कोडची दिशा ठरवते ती टेक्निकल कमिटी. तिच्यात नऊ जण असतात आणि दर सहा महिन्यांनी साधारण निम्म्या जागांची निवडणूक होते. देणगी देऊन मत मिळत नाही. गेल्या वर्षभरात ज्याचा किमान एक बदल कोडमध्ये स्वीकारला गेला, तो फाउंडेशनचा सदस्य असेल तर मतदार. उमेदवारी अर्जसुद्धा गिटमध्ये, म्हणजे कोडचे बदल नोंदवणाऱ्या साठ्यात, एक फाइल पाठवूनच भरायचा. प्रत्येक प्रकल्पाचा प्रमुख, ज्याला सगळे पीटीएल म्हणतात, तोही दर आवर्तनाला, म्हणजे आवृत्तीच्या सहा महिन्यांच्या फेरीला, नव्याने निवडला जातो. पीटीएल व्हायला कुणीच पुढे आलं नाही, तर त्या प्रकल्पाचं काय करायचं ते कमिटी ठरवते. मुरानो, सहारा आणि सेनलिन असेच माणसांअभावी २०२४ मध्ये बंद झाले.

म्हणून कोटेशनमध्ये एखादा भाग घालताना आम्ही त्याची वैशिष्ट्यं नंतर वाचतो. आधी त्याचे कोअर रिव्ह्यूअर, म्हणजे बदल मंजूर करण्याचा अधिकार असलेले तपासनीस, किती, ते किती वेगवेगळ्या कंपन्यांत काम करतात आणि मागच्या आवर्तनात कोडचे किती बदल तपासले गेले, हे बघतो. सगळे कोअर एकाच कंपनीचे असतील, तर तो भाग आम्ही ग्राहकाच्या गळ्यात बांधत नाही. कीस्टोन (ओळख आणि परवानगी), ग्लान्स (इमेज, म्हणजे तयार सिस्टीमच्या प्रती), प्लेसमेंट (साधनांची मोजदाद), नोव्हा, न्यूट्रॉन (नेटवर्क), सिंडर (डिस्क) आणि होरायझन (वेब पडदा) एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं.

आता एक दुरुस्ती आत कशी जाते ते बघू. आधी लाँचपॅड या संकेतस्थळावर बगची, म्हणजे दोषाची, नोंद. मग दुरुस्ती आणि तिच्यासोबत युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या छोट्या तुकड्याची आपोआप चालणारी तपासणी. टेस्ट नसेल तर कोणी ढुंकूनही बघत नाही. कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, मजकुरात बगचा क्रमांक आणि २०२५ पासून साइन्ड-ऑफ-बाय ही, हा कोड देण्याचा हक्क आपल्याला आहे असं सांगणारी ओळ. त्यानंतर गिट-रिव्ह्यू या साधनाने बदल गेरिट या तपासणीच्या संकेतस्थळावर चढवायचा. लगेच झूल नावाची यंत्रणा तपासण्या चालवते. सर्वसाधारणपणे दोन कोअर रिव्ह्यूअरनी प्रत्येकी +२, म्हणजे पूर्ण मंजुरी, दिल्यावर आणि वर्कफ्लोचा +१, म्हणजे आत घेण्याचा इशारा, पडल्यावर बदल गेटच्या, म्हणजे शेवटच्या तपासणीच्या, रांगेत लागतो. तिथे झूल पुन्हा तपासतं, पण रांगेत आपल्या पुढे असलेले बदल आत गेले आहेत असं धरून. पुढचा एखादा नापास झाला, तर त्याला वगळून मागच्या सगळ्यांची तपासणी नव्याने. त्यामुळे मुख्य शाखेत, म्हणजे पुढची आवृत्ती घडते त्या कोडमध्ये, तपासणीविना काहीच शिरत नाही. ही शिस्त आम्हाला मनापासून आवडते, कारण तिचा फायदा बँकेच्या सर्व्हरवर मध्यरात्री दिसतो.

अडतं ते बहुधा कोडपाशी नाही, रिव्ह्यूपाशी. कोअर मंडळींना वेळ कमी आणि रांग लांब. नुसते आपलेच बदल पाठवत राहिलं तर ते पडून राहतात. दुसऱ्यांचे बदल तपासून नेमका शेरा देणाऱ्याचं नाव ओळखीचं होतं आणि त्याच्या बदलाकडेही लक्ष जातं. टेस्ट पडली की कारण न लिहिता नुसतं ‘रीचेक’, म्हणजे पुन्हा तपासा, असं टाकणं तिथे वाईट दिसतं, आणि ते योग्यच आहे. लॉग उघडा, कारण शोधा, एका ओळीत लिहा.

दुरुस्ती फक्त ग्राहकाच्या सर्व्हरवर लावून मोकळं व्हायचा मोह होतो. आम्ही तसं ठेवत नाही. अशी प्रत्येक दुरुस्ती पुढच्या अपग्रेडला पुन्हा बसवावी लागते, आणि आजूबाजूचा कोड बदललेला असतो. आधी मुख्य शाखा, मग सर्वांत नवी स्थिर (आधीच बाहेर आलेल्या आवृत्तीची) शाखा, मग तिच्या मागची, याच क्रमाने ती मागे आणायची. मधली शाखा गाळलेली चालत नाही. स्थिर शाखेत फक्त दुरुस्त्या जातात, नवी वैशिष्ट्यं नाहीत.

प्रत्यक्ष उभारणीत तीन कंट्रोल नोड, म्हणजे सगळ्या क्लाउडचं नियंत्रण करणारे सर्व्हर, ही आमची किमान अट. मारियाडीबी या डेटाबेसचा गॅलेरा क्लस्टर आणि सेवांमधले निरोप पोचवणारं रॅबिटएमक्यू बहुमतावर चालतात. दोनच नोड असले आणि त्यांच्यातला दुवा तुटला, तर बहुमत कुणाकडेच उरत नाही. घड्याळं जुळवून ठेवणारं क्रोनी सगळीकडे हवं, कारण नोव्हाच्या सेवा दर १० सेकंदांनी हजेरी देतात आणि ६० सेकंद हजेरी नसली की ‘डाउन’ ठरतात. घड्याळं सरकली तर धडधाकट नोडही मेलेला दिसतो.

सर्वांत फसवा दोष एमटीयूचा, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराचा. पिंग जातं, लॉगिनची सुरुवात होते आणि मग एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिनचं साधन, की-एक्स्चेंजवर, म्हणजे किल्ल्यांच्या देवाणघेवाणीवर, अडकून बसतं. लहान पॅकेट जातात, मोठी वाटेत गळतात. खालचं नेटवर्क १५०० बाइटचं असेल तर व्हीएक्सलॅन या आभासी नेटवर्कचं आवरण ५० बाइट खातं, म्हणजे मशीनला १४५०. ओव्हीएन या नेटवर्क सॉफ्टवेअरसोबत जिनेव्ह हे दुसरं आवरण वापरलं तर १४४२. न्यूट्रॉन हा आकडा डीएचसीपीतून, म्हणजे नेटवर्कची मांडणी आपोआप देणाऱ्या सेवेतून, देतो, पण हाताने बांधलेल्या इमेजमध्ये १५०० कोरून ठेवलेलं असतं. आम्ही स्विचवर ९००० करून हा प्रश्न मुळातूनच काढतो. मात्र वाटेतला एकही पोर्ट सुटता कामा नये.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर विकत घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली आणि स्थलांतराची विचारणा वाढली. विंडोज मशीन हलवताना व्हर्टिओ, म्हणजे आभासी डिस्क आणि नेटवर्कचा, ड्रायव्हर आधीच आत नसेल, तर डिस्क सापडत नाही आणि निळा पडदा येतो. व्हर्ट-व्हीटूव्ही हे स्थलांतराचं साधन ते ड्रायव्हर बसवून देतं. हिशेबात सीपीयूचं प्रमाणही, म्हणजे एका खऱ्या कोरमागे किती आभासी सीपीयू वाटायचे तेही, तपासा. नोव्हाने पूर्वापार १६ पट वाटप गृहीत धरलं होतं, आता ते ४ आहे. बँकेच्या डेटाबेसला आम्ही १ च ठेवतो.

आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, पण २०२३.१ म्हणजे अँटेलोपपासून एक आड एक आवृत्ती ‘स्लर्प’, म्हणजे मधली आवृत्ती गाळून पुढे जाता येणारी, ठरली आहे. तेव्हा २०२३.१ वरून २०२४.१, तिथून २०२५.१ अशी थेट उडी मारता येते, आणि लहान ग्राहकाला वर्षातून एकच अपग्रेड पुरतं. आम्ही करारातही तेवढंच लिहितो: वर्षाला एक अपग्रेड, त्याआधी डेटाबेसचा बॅकअप आणि नोव्हा-स्टेटसची अपग्रेड तपासणी, सुरुवात कीस्टोनपासून, शेवटी डेटाबेसची ऑनलाइन मायग्रेशन, म्हणजे सेवा चालू ठेवून जुना डेटा नव्या रचनेत आणणं. कराराच्या रकमेतला ठरलेला भाग अपस्ट्रीम, म्हणजे मूळ प्रकल्पातल्या, रिव्ह्यूसाठी असतो आणि तो बिलात वेगळ्या ओळीने दाखवतो.