कोंबड्यांची नोंद: ऑक्टोबरचा उकाडा आणि शिंपल्यांचा डबा

डिचोलीत पाऊस सरला आणि उकाडा आला. परसातल्या ग्रामप्रिया जातीच्या कोंबड्या दुपारी चोच उघडी टाकून धापतात. अंड्याचं कवच पातळ होतं ते याच दिवसांत, आणि दुकानदार लगेच टॉनिकची बाटली पुढे सरकवतो. माझं ऐकाल तर बाटली राहू द्या, आधी कॅल्शियम वेळेवर मिळतंय का ते बघा.

एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. कवच घडायला 20 तासांच्या आसपास लागतात, त्यातलं बरंचसं काम रात्री, कोंबडी उपाशीपोटी दांडीवर बसलेली असताना. खाद्यातली बारीक चुनखडी तोवर पोटातून निघून गेलेली असते. जाड तुकडे मात्र पोट्यात (पोटा-कलेजीतला तोच) अडकतात आणि रात्रभर थोडे थोडे विरघळतात. ते नसले की हाडांतलं उपसलं जातं.

गोव्यात त्यासाठी पैसे कशाला घालवायचे? तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून कुटते. तुकडे तूरडाळीएवढे, पूड चाळून बाजूला. चुलीत जाळू नका, कळीचा चुना होईल. हे तुकडे सगळ्यांच्या खाद्यात मिसळत नाही, डबा वेगळाच ठेवते. लेयर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, कॅल्शियम 3.5 ते 4 टक्के असतं, ते तलंगांच्या (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या) आणि कोंबड्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. अंड्यावरच्या कोंबड्या दिवस कलायला लागला की आपणहून डब्याकडे वळतात, बघत राहावं असं असतं ते.

धापण्याचा प्रश्न शिंपल्यांनी सुटत नाही. धापताना कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं, आणि कवचाला लागतं तेच. म्हणून उन्हाळी मिश्रणात खाण्याचा सोडा घालतात. मी आधी सावली आणि थंड पाणी बघते.

माझं खाद्य म्हणजे कणी, कोंडा, खोबऱ्याची पेंड, सोयापेंड आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण). कोंड्यातलं बहुतेक फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेलं, कोंबडीला ते सोडवता येत नाही. फायटेज एन्झाइम ते मोकळं करतं, त्यामुळे प्रीमिक्स घेताना फायटेज आहे ना एवढं मी विचारतेच. पेंडीला बुरशी आली तर सरळ फेकते. टॉक्सिन बाइंडरच्या (बुरशीचं विष बांधून ठेवणाऱ्या पावडरीच्या) भरवशावर बुरशीचं खाद्य चारणं मला पटत नाही. 'अंडी वाढवणारी' बिननावाची पावडरही नको, आत अँटिबायोटिक असलं तर कळणार कसं? कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर कोंबड्या-जनावरांसाठी 2019 पासून बंदच आहे.

राहिला झेंडू. कणी-कोंड्यावर बलक फिका पडतो, कारण पिवळा रंग खाद्यातूनच यावा लागतो. वाळलेल्या पाकळ्या घातल्या की आठ-दहा दिवसांत बलक केशरी दिसायला लागतो. अंडी त्याने वाढत नाहीत, गिऱ्हाईक खूश होतं इतकंच. दसऱ्याची बाजारातली तोरणं मात्र मी घालत नाही, फवारणीची भीती. कुणाच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) बिनफवारणीचा झेंडू असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन.