नाडी बत्तीस, पोटॅशियम ७.९

रक्तातील पोटॅशियम वाढल्यावर ईसीजीत काय दिसते, असा प्रश्न अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारला की तो एका दमात उत्तर देतो : आधी टी लहर (ठोक्यानंतर खालचे कप्पे पूर्ववत होतानाची) उंच आणि टोकदार होते, मग पी लहर (वरच्या कप्प्यांची) सपाट होत नाहीशी होते, नंतर क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण) रुंदावतो आणि शेवटी सगळे मिळून नागमोडी साइन लहर येते. परीक्षेत या क्रमाला गुण मिळतात आणि तो पाठ असायलाच हवा. परंतु रुग्णाचे हृदय हा क्रम पाळेलच असे नाही. हे मला विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवता आले ते मे महिन्यातल्या एका दुपारी, सोलापुरात पारा त्रेचाळीसच्या पुढे गेलेला असताना.

साठी ओलांडलेल्या, पूर्व भागात विड्या वळण्याचे काम करणाऱ्या एका बाईंना त्यांचा मुलगा आणि सून रिक्षातून घेऊन आले. सोबतच्या चिठ्ठीवर ‘संपूर्ण हार्ट ब्लॉक, तात्पुरता पेसमेकर आवश्यक’ असे लिहिलेले होते, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतच नाही. नाडी मिनिटाला ३२, रक्तदाब ७८ वर ५०, हातपाय गार, आणि हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटत. अ‍ॅट्रोपिन हे नाडी वाढवणारे औषध आधीच देऊन झाले होते, त्याचा काही उपयोग झालेला नव्हता. मुलाचा पहिलाच प्रश्न होता, “मॅडम, अम्माला मशीन बसवायला किती खर्च येईल?”

मी ईसीजी हातात घेतला. पी लहरी कुठेही नव्हत्या, क्यूआरएस रुंद होता आणि गती मंद होती. टी लहर मात्र मुळीच उंच नव्हती. भोवती उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकाने हार्ट ब्लॉक हेच निदान सांगितले, आणि नुसत्या कागदावरून ते चुकीचे वाटण्यासारखे नव्हतेही. पण संपूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये पी लहरी सहसा दिसतात. त्या आपल्या गतीने चालत राहतात, फक्त खाली पोहोचत नाहीत. येथे त्या मुळातच नव्हत्या. मंद गती, रुंद क्यूआरएस आणि पी लहरींचा अभाव असे त्रिकूट समोर आले, की दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ते पोटॅशियमच समजावे, असे मी प्रत्येक तुकडीला सांगत आले आहे.

म्हणून सुनेला विचारले, “अम्मा कोणकोणत्या गोळ्या घेतात? सगळ्या पिशवीत असतील तर इकडे दे.” तिने प्लास्टिकची पिशवी ट्रॉलीवर उलटी केली. एका जुन्या चिठ्ठीवरची रक्तदाबाची अ‍ॅटेनोलॉल होती, हृदयाची ताकद कमी झाल्यावर दुसरीकडून सुरू झालेल्या रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन होत्या, आणि चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेली गुडघेदुखीची डायक्लोफिनॅक होती. तिची पट्टी जवळजवळ रिकामी झालेली होती. “तीन दिवस जुलाब चालू होते,” सून म्हणाली, “अंगात ताकद यावी म्हणून शहाळ्याचं पाणी देत होतो. कालपासून लघवीलाच गेल्या नाहीत.”

निदान त्या ट्रॉलीवरच पूर्ण झाले. जुलाबांनी शरीरातले पाणी आटले. त्यात डायक्लोफिनॅकने मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाहिनी आकसली आणि रॅमिप्रिलने बाहेर नेणारी सैल केली, त्यामुळे गाळण्यासाठी लागणारा दाबच उरला नाही. पोटॅशियम बाहेर टाकण्याची आज्ञा देणारे अल्डोस्टेरॉन स्पायरोनोलॅक्टोनने अडवलेले होते, आणि शहाळ्यातून पोटॅशियम आत येतच होते. अ‍ॅटेनोलॉल मुख्यत: मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, मूत्रपिंड थांबल्यावर ते साचले आणि त्याने नाडी आणखी मंद केली. मंद नाडीमुळे मूत्रपिंडाला रक्त आणखी कमी मिळाले, आणि हे चक्र स्वत:लाच वेग देत राहिले. या अवस्थेला ब्रॅश सिंड्रोम म्हणतात. यातला औषधाचा डोस वाजवीपेक्षा जास्त असावा लागत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी.

रक्त तपासणीला गेले, पण अहवालाची वाट पाहिली नाही. दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलि, मॉनिटरकडे पाहत, तीन ते पाच मिनिटांत शिरेतून द्यायला इंटर्नला सांगितले. पहिल्या मात्रेनंतर फरक दिसला नाही, म्हणून पाच मिनिटांनी दुसरी दिली. ती संपत आली तेव्हा पडद्यावरचा रुंद, पसरट क्यूआरएस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अरुंद होत गेला. नाडी ३२ वरून ४८ झाली, मग ६० च्या आसपास स्थिरावली, आणि बाईंनी मुलाला तेलुगूत पाणी मागितले. रक्तवायू तपासणीच्या यंत्रावरचा आकडा त्यानंतर आला : पोटॅशियम ७.९, सामू (पीएच) ७.१८, म्हणजे रक्तातली आम्लता खूप वाढलेली. मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन पुढे ५.१ निघाले.

कॅल्शियमने पोटॅशियम कणभरही कमी होत नाही; ते फक्त हृदयाच्या पेशींच्या पटलाला स्थिर करते आणि त्याचा परिणाम अर्धा ते एक तास टिकतो. त्या उसन्या वेळात पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायचे असते. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींमध्येच असते, त्यामुळे तेथे जागेची वाण नसते. त्यासाठी साधे इन्सुलिन १० युनिट आणि २५ ग्रॅम ग्लुकोज दिले, तसेच साल्ब्युटामॉलची वाफ नेहमीच्या अडीच मिलिग्रॅमऐवजी १० मिलिग्रॅम दिली. आम्लता तीव्र होती म्हणून सोडियम बायकार्बोनेटही दिले.

पेसमेकर का नको, हेही मी तेथेच समजावले. पोटॅशियम इतके वाढलेले असताना हृदयाचा स्नायू पेसमेकरच्या धक्क्याला नेहमीच्या ताकदीवर प्रतिसाद देत नाही, म्हणजे तार जागेवर असूनही ठोका पडेलच असे नाही. आटलेले पाणी भरून काढायला शिरेतून द्यायच्या आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट) पोटॅशियम असते म्हणून ते देऊ नये, असा आग्रह एका निवासी डॉक्टरने धरला. आरएलमध्ये लिटरला ४ मिलीइक्विव्हॅलंट असते, म्हणजे बाईंच्या रक्तातल्यापेक्षा निम्म्याच्या आसपास. उलट नॉर्मल सलाइनने आम्लता वाढून पोटॅशियम पेशींबाहेर येते. आम्ही आरएलच दिले.

इन्सुलिन दिल्यावर दर तासाला साखर पाहायची, हे वाक्य पुस्तकात एका ओळीचे असते आणि म्हणूनच नजरेतून निसटते. बंद पडलेल्या मूत्रपिंडातून इन्सुलिन लवकर निघून जात नाही, तर दिलेले ग्लुकोज तासाभरात संपते. बाई अंगाने बारीक होत्या आणि मधुमेह नव्हता, म्हणजे साखर उतरण्याचा धोका अधिक. तिसऱ्या तासाला ग्लुकोमीटरने ५८ दाखवले. घाम फुटण्याआधीच ग्लुकोज देता आले, कारण परिचारिका घड्याळ लावून बसली होती.

संध्याकाळी लघवी सुरू झाली, त्यामुळे डायलिसिसची गरज पडली नाही. सकाळी पोटॅशियम ५.२ आणि नाडी ७४ होती.

फेरीत एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, मग स्पायरोनोलॅक्टोन वाईट औषध का?” मुळीच नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेल्स चाचणीत तीव्र हृदयदौर्बल्याच्या रुग्णांमधले मृत्यू या गोळीने ३० टक्क्यांनी कमी झाले. पण त्या चाचणीत क्रिएटिनिन २.५ च्या वर असलेल्यांना घेतलेच नव्हते आणि पोटॅशियम वारंवार तपासले जात होते. त्यानंतर कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ही गोळी सर्रास लिहिली जाऊ लागली, आणि वाढलेल्या पोटॅशियममुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दर हजार रुग्णांमागे २.४ वरून ११ वर गेले; हा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. गोळी तीच होती, फक्त तपासणी मागे पडली होती.

घरी पाठवताना अ‍ॅटेनोलॉल आणि डायक्लोफिनॅक कायमच्या बंद केल्या, स्पायरोनोलॅक्टोन तूर्त थांबवली, आणि रॅमिप्रिल क्रिएटिनिन पूर्ववत झाल्यावर लहान मात्रेत सुरू करायचे ठरवले. दोन्ही जुन्या चिठ्ठ्यांवर काट मारून एकच नवी चिठ्ठी सुनेच्या हाती दिली. जुलाब, उलट्या किंवा ताप आला आणि खाणेपिणे सुटले, तर रॅमिप्रिल थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात यायचे, हे मराठीत लिहून दिले आणि मुलाकडून ते अम्मांना तेलुगूत सांगून घेतले. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनच्या पुढच्या तपासणीसाठी एका आठवड्यानंतरची तारीख त्याच चिठ्ठीवर घातली.