ढोल लांब जाईना: माइनक्राफ्टमध्ये पालखीचा आवाज बसवताना

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळात स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज कमांडने, म्हणजे टाइप केलेल्या हुकमाने, वाजवायचा असेल, तर सगळ्यात आधी ती फाइल ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि लाटांच्या पट्ट्या मोजा. एकाखाली एक अशा दोन पट्ट्या दिसल्या तर तिथेच थांबा. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर नऊ रात्री वाचल्या असत्या. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

आमचं गाव रत्नागिरी तालुक्यात, भाची डोंबिवलीला. यंदा तिची दहावी, त्यामुळे शिमग्याला येणं झालं नाही. पालखीचा व्हिडिओ पाठवला असता तरी ती खूश झाली असती. पण आमच्याकडे पालखी आधी कानाला कळते. रात्री वरच्या वाडीत ढोल सुरू झाला की आई आत बसल्या बसल्या सांगते, "घाटी उतरली." थोड्या वेळाने, "पऱ्यावर आली रे, रांगोळी झाली का बघ." ढोल किती लांब आहे आणि कुठल्या बाजूला आहे, त्यावर घरातली सगळी धावपळ ठरते. व्हिडिओत हे येत नाही. खेळात येऊ शकतं, कारण तिथे आवाजाला जागा देता येते. भाची आणि मी दोघंही माइनक्राफ्ट खेळतो, म्हणून जानेवारीपासून गाव बांधत होतो. चिऱ्यांच्या भिंतींना लाल टेराकोटा वापरला, देवळापुढे सहाण, म्हणजे पालखी ठेवायचा चौथरा केला, पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव घातला. ते काम मजेत झालं.

ढोल-ताशा फोनवर रेकॉर्ड केला. मी खेळाची जावा आवृत्ती वापरतो. त्यात आवाजाची फाइल ऑग व्हॉर्बिस प्रकारची लागते आणि ती रिसोर्स पॅकमध्ये, म्हणजे खेळाला आपले आवाज-चित्रं पुरवणाऱ्या फोल्डरमध्ये, ठेवून साउंड्स.जेसन या फाइलीत तिची नोंद करावी लागते. फाइलींची नावं सगळी लहान इंग्रजी अक्षरांत ठेवा, नाहीतर खेळ त्या उचलत नाही. आवाज काही सेकंदांपेक्षा मोठा असेल तर नोंदीत 'स्ट्रीम' ट्रू करा. पॅकमध्ये काही बदललं की एफ३ आणि टी एकत्र दाबा, खेळ बंद करून पुन्हा उघडायची गरज नाही.

कमांडचा क्रम असा: प्लेसाउंड, आवाजाचं नाव, आवाजाचा प्रकार, कुणाला ऐकवायचा, जागेचे तीन आकडे, व्हॉल्यूम, पिच आणि शेवटी किमान व्हॉल्यूम. इथे एक फसवं आहे. आवाजाचं नाव चुकलं तरी 'आवाज वाजवला' असाच निरोप येतो, कारण तुमच्या पॅकमध्ये काय आहे हे कमांड चालवणाऱ्या सर्व्हरला माहीतच नसतं. खरी तक्रार लॉगमध्ये, म्हणजे खेळाच्या नोंदींच्या फाइलीत, जाऊन पडते. त्या निरोपावर कधीही विसंबू नका.

तर पहिल्या रात्री सहाणेवर उभं राहून कमांड दिली आणि ढोल वाजला. अंगावर काटा आला. मग मी घराकडे चालू लागलो. देऊळ मागे पडलं, साकव ओलांडला, घराच्या ओटीवर पोचलो. ढोल सहाणेवर होता तेवढाच मोठा. खेळातला मी वळून उलटा उभा राहिलो, तरी दोन्ही कानांत तसाच. ऐंशी ठोकळ्यांचं अंतर चाललो आणि आवाज तसूभरही कमी झाला नाही.

वाटलं व्हॉल्यूम जास्त झाला. मी ६ ठेवला होता. १ केला, मग अर्धा, मग ०.२. ढोल बारीक झाला, पण सगळीकडे सारखाच बारीक. हे करताना एक गोष्ट मात्र नीट समजली: १ च्या वर आकडा नेला की आवाज मोठा होत नाही, लांबवर पोचतो. १ ला सोळा ठोकळे, म्हणजे ६ ला शहाण्णव. हा हिशेब पुढे कामी आला.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री जागेच्या आकड्यांवर संशय. ते एकेक करून तपासले. किमान व्हॉल्यूमचा आकडा काढून टाकला. मग ओटीवर उभं राहून, व्हॉल्यूम १ ठेवून कमांड दिली, तर 'आवाज ऐकू येण्यापलीकडे आहे' असं उत्तर. म्हणजे खेळाला अंतर कळत होतं! सुरू करताना कळत होतं आणि एकदा सुरू झाला की विसरत होता. याने तर मी जास्तच गोंधळलो. प्रकार बदलून पाहिले, म्युझिक, रेकॉर्ड, अ‍ॅम्बियंट. हेडफोन बदलला. खेळ काढून पुन्हा टाकला, आणि त्या रात्री नेटवर्क इतकं मंद होतं की डाउनलोड पहाटे संपलं. खेळातली घंटा वाजवली तर ती चालता चालता छान विरत जायची, आणि माझा ढोल मात्र हटायला तयार नाही. याचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

नवव्या दिवशी गणिताचा पेपर देऊन आल्यावर भाचीने व्हॉइस नोट पाठवली, "मामा, सुटले एकदाची!" ढोलाची फाइलच खराब असेल का, हे बघायला मी ती नोट ऑगमध्ये बदलून ढोलाच्या जागी टाकली. सहाणेवर कमांड दिली आणि पळत सुटलो. "सुटले एकदाची" साकवापर्यंत येईतो अगदी पुसट झालं होतं, आणि वळल्यावर डाव्या कानात आलं.

दोन्ही फाइली ऑडॅसिटीत शेजारी उघडल्या. तिच्या आवाजाची एक पट्टी, माझ्या ढोलाच्या दोन. एवढाच फरक. फोनने ढोल स्टिरिओत, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन पट्ट्यांत, घेतला होता. खेळाच्या आत आवाज वाजवणारं ओपनएएल हे सॉफ्टवेअर फक्त मोनो, म्हणजे एकाच पट्टीच्या, आवाजाला जागा, दिशा आणि अंतर लावतं. स्टिरिओत डावं-उजवं आधीच ठरलेलं असतं, म्हणून तो आवाज जसाच्या तसा कानांत सोडला जातो. ट्रॅक्स मेनूत मिक्स, त्यात 'मिक्स स्टिरिओ डाउन टू मोनो', मग ऑग म्हणून एक्सपोर्ट. मिनिटभराचं काम. मी लॅपटॉप मिटून अंगणात जाऊन उभा राहिलो, तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते.

पुढचं दोन दिवसांत झालं. आवाज जिथे सुरू केला तिथेच राहतो, पालखीबरोबर सरकत नाही. म्हणून ढोलाचे चाळीस-चाळीस सेकंदांचे चार तुकडे केले: वरची वाडी, घाटी, पऱ्या, अंगण. प्रत्येकाची फंक्शन फाइल, म्हणजे कमांडींची यादी, आणि शेड्यूल कमांडने चाळीस सेकंदांनी पुढची. फंक्शन फाइलींच्या फोल्डरचं नाव खेळाच्या १.२१ आवृत्तीपासून एकवचनी झालंय, आधी अनेकवचनी होतं, तेवढं सांभाळा. कमांड ब्लॉकने, म्हणजे कमांड चालवणाऱ्या ठोकळ्याने, सुरुवात करणार असाल तर तो रिपीट प्रकारचा ठेवू नका. सेकंदाला वीस वेळा ढोल सुरू होतो आणि नुसता कल्लोळ ऐकू येतो.

सुरुवातीला स्टॉपसाउंड देऊन म्युझिक बंद करा, नाहीतर खेळाचं पार्श्वसंगीत मध्ये येतं. ढोलाचा प्रकार मी रेकॉर्ड ठेवला, कारण अभ्यासामुळे भाचीने सेटिंगमध्ये म्युझिकचा आवाज शून्यावर नेऊन ठेवला होता. पॅकची झिप 'रिसोर्सेस' या नावाने जगाच्या फोल्डरमध्येच ठेवली की जगाबरोबर आपोआप उघडते, समोरच्याला काही बसवावं लागत नाही.

शेवटचा पेपर झाला त्या रात्री तिने ते जग उघडलं. व्हिडिओ कॉलवर मला तिचा फक्त चेहरा दिसत होता, कानावर हेडफोन. खेळात ती आमच्या ओटीवर उभी होती. आई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. बराच वेळ भाची काही बोलली नाही. मग डोळे मिटूनच म्हणाली, "मामा, आता पऱ्यावर आहे ना?"

मी घड्याळ लावून बसलो होतो. तिसरा तुकडा सुरू होऊन सहा सेकंद झाले होते.