लपवलेल्या वस्तू आणि त्यांचे मालक

बुधवार, रात्री

'मिस्ट्री केस फाइल्स: रेव्हनहर्स्ट' आज पुन्हा संपवला. 2006 चा गेम. आताच्या स्क्रीनवर त्याची चित्रं मळकट दिसतात, कोपऱ्यातलं घड्याळ सतत मागे लागलेलं असतं, आणि तरीही चित्रातल्या पसाऱ्यातून लपवलेल्या वस्तू शोधायच्या गेमांमध्ये मी त्याला फार वर बसवते. दुपारी डबा खाताना ऑफिसात हाच विषय निघाला होता. एक मैत्रीण म्हणाली, "त्यात काय एवढं? एका पसाऱ्यातून कात्री शोधायची, मग दुसऱ्या पसाऱ्यातून छत्री." तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपली. पण तिचं म्हणणं डोक्यातून गेलं नाही, कारण अशा बऱ्याच गेमांच्या बाबतीत ती अगदी खरं बोलत होती.

वस्तू शोधण्याच्या गेमांना सुगी आली ती 2005 च्या 'मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सव्हिल'नंतर. सिएटलच्या बिग फिश कंपनीचा हा गेम. गावात गुन्हे घडतात, आपण डिटेक्टिव्ह, प्रत्येक जागी खच्चून भरलेलं एक चित्र आणि शेजारी वस्तूंची यादी. दिसलं की क्लिक. अंदाजाने भराभर क्लिक करत सुटलं की शिक्षा. एवढाच मामला. पण हे खेळताना डोळ्यांचं जे होतं, ते मला दुसऱ्या कुठल्याही खेळात मिळत नाही. सुरुवातीला नुसता गोंधळ दिसतो. मग सोप्या चार-पाच वस्तू पटापट निघतात आणि उरतात त्या हट्टी. पडद्याच्या चुणीत पडद्याच्याच रंगाची शिट्टी, लाकडाच्या रेषांत विरघळलेला सरडा. त्यांच्यावरून नजर कितीदा तरी जाऊन आलेली असते. आणि एका क्षणी ती शिट्टी दिसते, आणि दिसल्यावर मात्र ती न दिसणं अशक्य होऊन बसतं. हा क्षण मला मनापासून आवडतो. लहानपणी दिवाळी अंकांतल्या मुलांच्या पानांवर 'चित्रात लपलेले प्राणी शोधा' असायचं, तेव्हाही मी फराळाचं ताट बाजूला सारून तेच घेऊन बसायचे.

लपवण्याच्या पद्धतींमध्येही डावं-उजवं असतं. रंगात मिसळवून लपवणं चालेल, ती चित्रकाराची करामत आहे. आकार बदलून लपवणं मला पटत नाही. चहाचा कप कपाटाएवढा आणि हत्ती बोटाएवढा, म्हणजे डोळ्यांना सरळ फसवणं झालं. सगळ्यांत उत्तम म्हणजे वस्तू जिथे असायला हवी नेमकी तिथेच ठेवून लपवणं. चाव्यांच्या जुडग्यात एक चावी. शंभर पुस्तकांत एक वही. डोळ्यासमोर असूनही ती लपते, आणि सापडली की चित्र काढणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

आता 'रेव्हनहर्स्ट'. इंग्लंडमधला एक जुना वाडा. एमा रेव्हनहर्स्ट नावाची अमेरिकन शिक्षिका, तिच्यावर मालकी सांगू पाहणारा चार्ल्स डॅलिमार, आणि तिच्या रोजनिशीची फाटलेली पानं. आपण खोल्या धुंडाळतो तसतशी पानं जुळत जातात. दारांची कुलपंही विलक्षण आहेत, चाकं, दांड्या, वजनं, एकातून दुसरं हलणारं यंत्र. पण मला धरून ठेवतात ती पानं. पहिली पानं वाचताना एमा नव्या देशाबद्दल उत्साहाने लिहिते, पुढे पुढे तिच्या वाक्यांत भीती उतरते, आणि आपण त्याच बाईच्या घरात उभे असतो. मग यादीतला कंगवा हा नुसता कंगवा राहत नाही. मला माझ्या मैत्रिणीला हे सांगायचं होतं.

शनिवार, दुपार

बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, तेव्हा परवाचं पुढे.

'रेव्हनहर्स्ट'नंतर हा प्रकार हळूहळू साहसखेळाकडे सरकला. पसाऱ्यांची चित्रं कमी, फिरणं जास्त, झोळीत वस्तू जमवायच्या आणि योग्य जागी वापरायच्या. याच मालिकेतल्या 2009 च्या 'डायर ग्रोव्ह'मध्ये तर खरे नट आणले, हरवलेल्या विद्यार्थ्यांच्या व्हिडिओ टेप सापडत जातात. पोलंडमध्ये झाब्झे नावाचं शहर आहे, तिथल्या आर्टिफेक्स मुंडी या कंपनीनेही या वाटेवर चांगलं काम केलं. त्यांचा 'एनिग्मॅटिस: द घोस्ट्स ऑफ मेपल क्रीक' मला आवडतो, कारण त्यात पुराव्यांची भिंत आहे. सापडलेले कागद, फोटो, साक्षी भिंतीवर लावायच्या आणि कशाचा कशाशी संबंध ते आपण ठरवायचं. म्हणजे सापडलेली वस्तू पुढे कामाला येते, तिच्याबद्दल विचार करावा लागतो. 'ग्रिम लेजेंड्स'मध्ये त्यांनी स्लाव्ह लोककथा घेतल्या, तिथली गावं आणि जंगलं बघतच राहावीत अशी रंगवली आहेत.

पण याच काळात या गेमांना एक साचा चिकटला आणि त्याचा मला मनापासून राग येतो. दार उघडायचं तर दारावर कासवाच्या आकाराची खाच. ते पितळी कासव तीन तुकड्यांत. पहिला तुकडा विहिरीत, दुसरा एका पेटीत, आणि त्या पेटीवर आता फुलपाखराची खाच! असं घर कोण बांधतं? कुठला माणूस रोज असल्या दारातून ये-जा करेल? हातोडी मिळते, एक फळी फोडते आणि लगेच मोडते, पुढच्या फळीला नवीन हत्यार शोधा. वस्तू भरपूर, पण त्यांतली एकही कुणाची नाही. गेमातली बाई हरवलेली आहे, नवरा तिला शोधतोय, आणि तिच्या खोलीत तिचं म्हणावं असं काहीच नाही. माझं भांडण त्या खोलीशी आहे.

डेमोचाही या साच्यात हात असावा असं मला वाटतं. बिग फिशवर कुठलाही गेम एक तास फुकट खेळून बघता येतो. ग्राहकाच्या दृष्टीने ही फार चांगली सोय आहे, मी कितीतरी गेम तेवढ्यावरच पारखले. पण पुष्कळ गेमांत त्या पहिल्या तासात वादळ, अपघात, किंचाळी, अपहरण सगळं उधळून टाकलेलं असतं आणि दुसऱ्या तासाला दम संपलेला असतो. त्यावर महागडी कलेक्टर्स एडिशन, तिच्यात जादा प्रकरण, वॉलपेपर आणि प्रत्येक दृश्यात रूप बदलणारी एकेक वस्तू. जादा प्रकरणात कथेचा शेवट ठेवला असेल तर तो गेम मी घेत नाही. गोष्ट अर्धी विकू नये.

मोबाईलवरच्या फुकट शोधखेळांबद्दल फार लिहायचं नाही. एकाच चित्रात तीच बशी पुन्हा पुन्हा शोधायची, बळ संपलं की थांबायचं किंवा पैसे भरायचे. कोड्याला अडून थांबणं वेगळं आणि गल्ल्यापाशी थांबणं वेगळं. पहिल्यात मी कुकर लावताना, बसमध्ये उभी असतानासुद्धा मनात खेळत असते.

त्यापेक्षा 'ड्रॉन: द पेंटेड टॉवर' आठवते. तोही बिग फिशचाच, 2009 चा. आयरिस नावाची मुलगी, तिने काढलेली चित्रं जिवंत होतात, आपण एका अंधाऱ्या मनोऱ्यात चढत जातो आणि तिच्या चित्रांच्या आत शिरतो. यादी नाहीच. फाटलेल्या चित्राचा तुकडा हवा असतो, तो शोधायचा. आणि प्रत्येक तुकडा त्या पोरीच्या हातचा आहे हे आपल्याला माहीत असतं. बघा, पुन्हा तिथेच आले मी. वस्तू कुणाची आहे हे कळलं की शोधणं बदलतं.

रविवार, उशिरा

आज आईला 'अनपॅकिंग' दाखवला. याला वस्तू शोधण्याचा गेम म्हणत नाहीत, कारण इथे सगळं उलटं आहे. वस्तू खोक्यांत आहेत, आपण त्या काढून घरात लावायच्या. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या विच बीम या छोट्या स्टुडिओने 2021 साली काढला. बनवणाऱ्या दोघांपैकी एकजण दुसरीच्या घरी राहायला आला, तेव्हा सामान लावता लावता ही कल्पना सुचली. पुढच्याच वर्षी त्याला कथनासाठी बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक मिळालं. ज्या गेमात संवादाचं एक वाक्य नाही त्याला कथनाचं पारितोषिक, आणि ते अगदी योग्य आहे.

1997 मध्ये सुरुवात होते, एका लहान मुलीच्या खोलीत. पुस्तकं, मऊ खेळणी, रंगपेटी. मग ती शिकायला बाहेर पडते, मैत्रिणींबरोबर घर घेते, असं करत 2018 पर्यंत. ती मुलगी कधीच दिसत नाही. फक्त तिचं सामान दिसतं. कुठलं खेळणं प्रत्येक घरात सोबत येतं, कुठली कढई नवीन आली, चित्र काढायची साधनं कशी वाढत गेली, हे आपण हाताने लावतो म्हणून आपल्याला कळतं.

आई आधी लांबून बघत होती. स्वयंपाकघर लावायला लागले तशी खुर्ची ओढून बसली. "अगं, तवा तिथे नको, गॅसजवळ ठेव. वाकायला लागेल तिला." तिला, म्हणजे त्या न दिसणाऱ्या मुलीला. मग माउस तिच्याकडे दिला. बाबांच्या बदल्यांच्या काळात आईने कितीतरी सरकारी क्वार्टर्स अशीच लावली आहेत, त्यामुळे तिला काही शिकवावं लागलं नाही. ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा आवाज वेगळा आहे, लाकडावर वेगळा, फरशीवर वेगळा, हे तिने माझ्याआधी टिपलं.

मग 2010 आलं. मुलगी मित्राच्या घरी राहायला जाते. ते घर आधीच त्याच्या सामानाने भरलेलं. त्याचे कपडे, त्याच्या वस्तू, सगळीकडे तोच. आपण त्याचं थोडं सरकवून तिचं बसवत राहतो. तिची पदवी फ्रेम केलेली आहे. भिंतीवर लावून बघितली, बसेना. टेबलावर ठेवली, तिथेही लाल रेघ, म्हणजे जागा चुकली. आईने स्वयंपाकघर, न्हाणीघर सगळं करून बघितलं. शेवटी पलंगाखाली सरकवली आणि गेमने ती मान्य केली.

आई माउसवरचा हात काढून बसली. "पलंगाखाली? शिकलेल्या मुलीची पदवी?" आणि जरा थांबून, "हा मुलगा काही बरा नाही बाई."

गेमाने तिला त्या मुलाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे उलट होतं. बदली होऊन नव्या गावी ट्रकमधून सामान उतरलं की बाबा पहिला खिळा ठोकायचे तो आईच्या बी.एड.च्या सर्टिफिकेटसाठी, बैठकीच्या भिंतीवर, येणाऱ्या माणसाला दिसेल असं. देवघरसुद्धा त्यानंतर. हे मी विसरले नव्हते, पण त्याचा अर्थ कुणी असा माझ्या समोर ठेवला नव्हता. आज तो एका गेमाने ठेवला. आईने फक्त एवढंच म्हटलं, "तुझ्या बाबांना भिंतीला ओळंबा लावायची सवय होती. कधी वाकडं लावलं नाही त्यांनी."

2012 मध्ये ती मुलगी आईवडिलांकडे परत येते, त्याच लहानपणीच्या खोलीत. खोक्यात त्या मित्रासोबतचा फोटो, त्याच्या तोंडावर टाचणी. तो दर्शनी जागी ठेवता येत नाही, नजरेआड करावा लागतो. आईने तो खणाच्या अगदी तळाशी घातला, वर इतर सामान रचलं आणि म्हणाली, "हं, आता पुढचं घर."

मी बरेच नावाजलेले गेम खेळले आहेत. कोडं म्हणून 'द रूम'ची पेटी जास्त सुंदर आहे, गिल्डफर्डच्या फायरप्रूफ गेम्सने 2012 मध्ये केलेली. तिचे चोरकप्पे उघडताना बोटांखाली पितळ जाणवतं. पण पदवीच्या त्या फ्रेमने जे केलं ते मला दुसऱ्या कुठल्या कोड्यात आढळलं नाही. 'जागा चुकली' हा गेमाचा नियम आणि 'इथे तिला जागा नाही' ही गोष्ट, दोन्ही एकाच लाल रेघेत.

मंगळवार

ऑफिसातल्या मैत्रिणीला आज 'हिडन फोक्स' दिला. 'अनपॅकिंग' आधी देणार होते, पण तिला शोधायचंच आहे तर शोधण्याचाच चांगला गेम द्यावा. 2017 चा, आड्रियान द योंग आणि सिल्व्हाँ तेग्रोएग या दोघांचा. काळ्या-पांढऱ्या रेषांची हाताने काढलेली अफाट चित्रं, त्यांत हलणारी शेकडो माणसं, आणि सगळे आवाज तोंडाने काढलेले, गाडीचा, माकडाचा, दाराचा. घड्याळ नाही, गुण नाहीत. खाली ज्यांना शोधायचं त्यांची चित्रं असतात आणि एकेकाला दाबलं की त्याच्याबद्दल एक-दोन ओळी येतात. तो कशासाठी बाहेर पडलाय, त्याला काय आवडतं. त्या ओळीवरून तो कुठे असेल ते ताडायचं. झुडपं कापता येतात, तंबू उघडता येतात, शटर वर करता येतं.

म्हणजे नुसते डोळे ताणून भागत नाही. हा माणूस या गर्दीत कुठे जाईल, असा विचार करावा लागतो. हिंट असावी तर अशी. इतर गेमांत भिंगाचं चिन्ह दाबलं की वस्तूभोवती चमचमतं वर्तुळ, ती मदत मला घ्यावीशी वाटत नाही. अर्थात ज्यांची नजर अधू आहे, हात थरथरतात, त्यांच्यासाठी ते भिंग आणि कोडं ओलांडायचं बटण दोन्ही हवंच. त्यांना हसणाऱ्या खेळाडूंशी माझं जमत नाही.

चार वाजता तिचा मेसेज आला, गेमातल्या फॅक्टरीपर्यंत पोचली आहे आणि एकजण काही केल्या सापडत नाहीये. कुठे आहे ते मला माहीत आहे. सांगितलं नाही. त्याच्याबद्दलची ओळ पुन्हा वाच, एवढंच लिहिलं.